विरुद्धच्या माणसाचं घड्याळ

११ मार्च, सोमवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इथे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः कुरकुरत नाही, ते खातं माझ्याकडे आहे. तुम्ही सगळे मजेत असाल. लेक-जावई कसे आहेत?

पाकीट बघून दचकला असशील. दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम हे जाडजूड बाड! घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. सहज लिहितोय. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं एक वाक्य होईस्तोवर तुझी तीन होतात. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही. अक्षर वेडंवाकडं वाटलं तर तो दोष टेबलाचा. त्याचा एक पाय डुगडुगतो. पेनही नवं आहे.

मी काम करायचो ते सिनेमा थिएटर पाडलं. आता तिथे गाड्या लावतात. ज्या खोलीत उभं राहून मी आयुष्यभर लोकांना चित्र फोकस करून दिलं, ती खोली हवेत नेमकी कुठे होती हे रस्त्यावरून शोधत होतो, तर एका गाडीवाल्याने असा हॉर्न मारला की बस. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या मांजरीला पिल्लं झालीत आणि ती सगळी आमच्या जिन्यात मुक्कामाला आहेत. परवा एकावर पाय पडता पडता राहिला. जिन्यात उजेड कमी आहे. घरमालकाला सांगून जीभ झिजली.

आता मुख्य बातमी. मी हरलो.

हसलास ना? हस. काल आपल्या क्लबाची वार्षिक स्पर्धा झाली. तो कप गेली कित्येक वर्षं आमच्याच कपाटावर बसलेला, तुझी वहिनी त्यात सुटी बटणं ठेवायची. मी तो सकाळी बटणं काढून, पुसून मैदानावर नेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आलो. एका मुलीने जिंकला. आणि गंमत अशी की मी इतका छान हरलो की लोक तिच्याआधी माझंच अभिनंदन करायला आले! आपला अध्यक्ष, तो बेकरीवाला रे, भाषणात म्हणाला, "हरावं तर असं हरावं." म्हणताना त्याला रडू आलं. त्याला पाव फुगला तरी रडू येतं, पण तरी.

मला मात्र काही समजेनासं झालंय. कालपासून डोक्यात नुसता गुंता आहे. म्हणून म्हटलं तुला लिहावं. म्हणजे, म्हणूनच असं नाही. सहजच.

तू मैदानावर फिरकला नाहीस त्याला जमाना झाला, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आपली विमानं तीच आहेत, बाबांच्या वेळची. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या, वर टिश्यू पेपर, नाकाशी पंखा, पोटात रबर. रबराला हाताच्या ड्रिलने पीळ भरायचा आणि सोडून द्यायचं. रिमोट नाही, दोरी नाही. हातातून सुटलं की ते हवेचं. शेपटीला एक जळती वात लावलेली असते. वात जळत आली की आतला दोरा तुटतो, शेपटी वर उभी राहते आणि विमान गुमान खाली बसतं, नाहीतर चढत्या हवेत सापडून परमुलखात जायचं. जो जास्त वेळ वर राहील तो जिंकला.

आणि बाबांचा नियमही तोच आहे. आपल्याकडे पंच नाही. तुझी वेळ तुझ्या विरुद्धच्या माणसाने मोजायची. घड्याळ त्याच्या हातात. विमान वर आहे तोवर त्याने मोठ्याने "दिसतंय, दिसतंय" म्हणत राहायचं, म्हणजे सगळ्यांना कळतं की घड्याळ चालू आहे. टेकलं किंवा त्याच्या नजरेआड झालं की बटण दाबायचं, संपलं. दुसऱ्या कोणी सांगितलेलं चालत नाही. घड्याळवाल्याला दिसलं पाहिजे. लहानपणी तू एकदा मला मुद्दाम आधी बटण दाबून हरवलं होतंस आणि बाबांनी तुला आठवडाभर विमानाला हात लावू दिला नव्हता, आठवतं? मला आठवतं.

तर ही मुलगी. दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे, कवळ्या बनवते. अध्यक्षाच्या तोंडातली तिनेच केलेली आहे, त्यामुळे तिच्यावर टीका करताना तो जरा जपूनच बोलतो. तीन वर्षांपूर्वी क्लबात आली. हात असा हलका की तिने लावलेला टिश्यू पेपर बघत राहावं. पण तोंड! सारखं चालू. विमान सोडताना "जा गं बाई, जा जा जा!" असं किंचाळत मागे धावते. मी तिचं नाव टिटवी ठेवलं, आता सगळं मैदान तेच म्हणतं. तिला राग नाही. मला काका म्हणते आणि प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडते.

काल सकाळी वारा अगदी पडलेला होता. एकेक गडी गळत गेला आणि दुपारी आम्ही दोघंच उरलो. आधी माझी पाळी. घड्याळ टिटवीच्या हातात. विमान सुटलं ते बघत राहावं असं चढलं, सगळे "वा वा" करायला लागले. पण वात जरा आखूड कापली गेली होती. अर्ध्यातच शेपटी उभी राहिली आणि चांगल्या हवेतून उतरून ते खाली आलं. होतं असं. वातीचं काही सांगता येत नाही.

मग तिची पाळी. घड्याळ माझ्या हातात. मी "दिसतंय, दिसतंय" म्हणत होतो, ही बया माझ्या खांद्याला खांदा लावून सारखी बडबडत होती. शेवटी टेकलं. मी बटण दाबलं. माझ्या दुपटीहून जास्त वेळ. मी तिचा हात धरून वर केला, टाळ्या झाल्या, अध्यक्ष रडला, संपलं.

आता सांग, यात गोंधळण्यासारखं काय आहे? हरलो तर हरलो. वाईट वाटायला हवं, ते वाटत नाही. बरं वाटतंय म्हणावं तर तेही नाही. लोक "मोठ्या मनाचा माणूस" म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुझ्या वहिनीने विचारलं, "एवढे गप्प का?" मी म्हटलं, उन्हामुळे.

बरं, जाता जाता एक. क्लबातला एक मित्र आहे, तू ओळखत नाहीस. तू डोळ्यांचा डॉक्टर म्हणून त्याने विचारायला सांगितलंय. त्याला म्हणे दिव्याभोवती कडं दिसतं. उन्हात गेलं की समोर दुधाची साय धरल्यासारखं होतं. चंद्र एकाचे दोन दिसतात. हे वयाचं असतं का? आपोआप बरं होतं का? आणि ऑपरेशन करतात तेव्हा माणूस जागा असतो हे खरं का? भित्रा नाही तो, पण त्याला जाणून घ्यायचंय.

सवडीने कळव. घाई काहीच नाही.

तुझा मोठा भाऊ


२४ मार्च, रविवार

धाकट्या,

तुझं कार्ड पोचलं. आशीर्वाद-बिशीर्वाद शेवटी देतो, आधी भांडण.

अरे, कार्डावर असं लिहितात? डॉक्टरांचं अक्षर ते, मुंग्यांची रांग. मला लागेना, म्हणून मी ते तुझ्या वहिनीला वाचायला दिलं. ती कणीक मळत होती, हात पुसून तिने मोठ्याने वाचलं, "दादा, मित्राला लवकर घेऊन ये. येताना चष्मा आण. मित्राचा." दोनच ओळी. मग तिने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "कोण हो हा मित्र?"

मी म्हटलं, "क्लबातला."

"त्याला नाव असेल ना काही?"

आता ऐन वेळी नाव कुठून सुचणार. ती पुन्हा कणकेला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "दोन वर्षं तुमच्या चपला, तुमचा चहाचा कप, साबण, सगळं सूतभरही न हलवता जागच्या जागी ठेवते, ते काय मला हौस आहे म्हणून?"

धाकट्या, मला वाटत होतं की घरात कोणाला पत्ता नाही. मी तर फार हुशारीने चाललो होतो. पेपर वाचताना पान उलटण्याचा वेळ अंदाजाने धरायचो. भाजीत मीठ आहे का हे बघायला वाकलो की ती म्हणायची, "मीठ चाखतात, बघत नाहीत." तेव्हा मला वाटलं ती थट्टा करतेय. मी तिला म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "भाऊजी बोलले, त्यांचं काय झालं?"

तुझं काय झालं ते तुला माहीतच आहे. तुझ्या लेकीच्या लग्नात मी व्याह्यांना पाणी द्यायला गेलो आणि ग्लास सोडून त्यांच्या बाहीत ओतलं. तू भरल्या टेबलावर म्हणालास, "दादा, उद्या दवाखान्यात ये, आधी तुझे डोळे बघू." सगळे हसले. तूही हसलास. मी ताटावरून उठलो आणि त्यानंतर तुझ्याशी बोललो नाही. तू दोनदा फोन केलास, मी घेतला नाही. तू बरोबर होतास, हे मला त्या क्षणीच माहीत होतं. म्हणूनच तर इतका राग आला. पण चारचौघांत का बोललास? बाजूला घेऊन बोलला असतास तर... तर काय, तेव्हाही चिडलोच असतो. पण जरा कमी.

आता त्या दिवसाचं सांगतो. मागच्या पत्रात सांगितलं ते खोटं नव्हतं, पण मी बरंच गाळलं होतं.

वात आपोआप आखूड कापली गेली नाही. वातीवर मी शाईच्या खुणा करून ठेवतो, किती लांब कापली म्हणजे किती वेळ जळेल याच्या. त्या दिवशी मला खुणा दिसल्याच नाहीत. मग बोटांनी चाचपून कापली, आणि बोट चुकलं.

आणि तिचं विमान. ते मला दिसलं नाही. सुटताना दिसलं, लाल पंखांचं, डोक्यावरून गेलं, मग उन्हात शिरलं आणि पुढे नुसती साय. अगदी सुरुवातीलाच. बाबांच्या नियमाने मी तेव्हाच बटण दाबायला हवं होतं. दाबलं असतं तर माझी वेळ जास्त भरत होती. कप माझ्याच कपाटावर आला असता, बटणांसकट.

मी नाही दाबलं. हातात घड्याळ घट्ट धरून मी म्हणत राहिलो, "दिसतंय, दिसतंय." सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

का, ते विचारू नकोस. म्हणजे विचार, कारण मीही स्वतःला तेच विचारतोय. एकदा वाटतं, विमान वर आहे हे सगळ्यांना दिसत होतं, माझ्या डोळ्यांपायी पोरीचं नुकसान का करायचं, म्हणून नाही दाबलं. असं असेल तर मी भला माणूस. पण खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात ती पोर नव्हतीच. बटण दाबलं असतं तर सगळ्यांनी वर बघून म्हटलं असतं, "अहो, ते काय समोर!" आणि मग मला सांगावं लागलं असतं की मला दिसत नाही. तेवढं टाळायला मी खोटं ओरडत होतो. लाज झाकायला कप दिला मी, आणि लोकांनी त्याला मोठं मन म्हटलं! यातलं खरं कोणतं, का दोन्ही थोडंथोडं खरं, मला ठरवता येत नाही. पंधरा दिवस तेच चाललंय. भाजी निवडता निवडता मी मोठ्याने म्हणालो म्हणे, "पण दाबलं का नाही?" तुझ्या वहिनीने मांजरीला विचारलं, "ह्यांना काय झालंय गं?"

मग टेकलं ते मला कसं कळलं, हा पुढचा प्रश्न. तिथे तर मी पुरता चक्रावलो. टिटवीची बडबड मला नंतर आठवायला लागली, शब्द न् शब्द. "आता डावीकडे वळलं. आता पाण्याच्या टाकीवर आहे. अजून चढतंय. आता वात संपली, शेपटी उभी राहिली. येतंय खाली. झुडपांच्या अलीकडे. टेकलं." आणि मी बटण दाबलं. तिच्या शब्दावर. म्हणजे वेळ मोजली कोणी? तिची तिनेच!

हे डोक्यात घेऊन बसलो होतो आणि गेल्या बुधवारी तीच दारात. हातात कप, कागदात गुंडाळलेला. लॅबमधून थेट आली होती, नखांत गुलाबी मेण. तुझ्या वहिनीने चहा ठेवला. एरवी आल्या आल्या घर डोक्यावर घेणारी पोर खुर्चीच्या टोकावर गप्प बसली. मला वाटलं कोणी आजारी आहे की काय.

म्हणाली, "काका, मला झोप नाही."

मी म्हटलं, "जिंकल्यावर नाहीच येत."

"तसं नाही. तुमची वात आखूड होती. विमान सोडण्याआधीच मला दिसली होती."

मी बघतच राहिलो. म्हणजे तिच्या दिशेने.

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण विरुद्धच्या माणसाला सांगायचं नसतं ना? आणि तुम्ही एवढे जुने, तुम्ही मुद्दाम कापली असेल, काही डाव असेल, असंही वाटलं. मग तुमचं विमान अर्ध्यातून खाली आलं आणि मला कळलं की डाव नव्हता."

"नसतंच सांगायचं," मी म्हटलं. "सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो." धाकट्या, हे बोललो आणि मला तू आठवलास.

मग तिने चहाचा कप खाली ठेवला. "आणि माझं विमान डावीकडे टाकीवर होतं, तेव्हा तुम्ही उजवीकडे बघून 'दिसतंय' म्हणत होतात."

उघडं पडल्यावर माणूस काहीतरी मूर्खासारखं बोलतो, तसं मी बोललो. विचारलं, "टेकलं म्हणालीस, तेव्हा खरंच टेकलं होतं ना?"

तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण आवाज फुटला. "काका! तुम्हाला काय वाटलं, मी चार सेकंद चोरले?" उठूनच उभी राहिली. तुझी वहिनी आतून आली, तिने मला असं पाहिलं की ते मात्र मला स्पष्ट दिसलं. मी हात जोडले. म्हटलं, "बस बाई, चुकलं माझं. माझं सगळंच चुकतंय सध्या."

बसली. डोळे पुसले असावेत, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "मी सारखी बोलत होते ते तुमच्यासाठीच. तुम्ही बटण दाबाल अशी मला भीती होती. तुम्ही दाबलं नाहीत, म्हणून मी खरं तेच सांगत राहिले. पण काका, माझीच वेळ मी मोजली. याला जिंकणं म्हणतात का? सगळे अभिनंदन करतात आणि मला तोंड लपवावंसं वाटतं."

मला हसू आलं. खरंच आलं. म्हटलं, अगं, माझंही तेच झालंय. हरलेल्याला कळत नाही का हरलो, जिंकलेलीला कळत नाही जिंकले का. दोघं समोरासमोर बसून चहा पितोय. अध्यक्षाला सांगितलं तर तो दोघांसाठी रडेल.

अध्यक्षाला सांगायला हवं, असं मी तिला म्हटलं. माझं खोटं, मी सांगतो. तर ती म्हणाली, "सांगा. नियमाने कप तुम्हाला मिळेल." आणि खरंच की रे! मी खरं बोललो की मी जिंकतो. गप्प राहिलो तर जी खरोखर जिंकली ती जिंकते, पण खोट्यावर. बाबांना असला पेच सुचला नसता. तुला काय वाटतं? तू शिकलेला आहेस, तूच सांग. मी दोनदा बेकरीपर्यंत जाऊन पाव घेऊन परत आलोय. घरात पावच पाव झालेत.

जाताना तिने कप टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "हा ने." ती म्हणाली, "नाही. इथेच राहू दे. पावसाळ्यानंतर आपण दोघंच मैदानावर जाऊ. मी उडवते, तुम्ही घड्याळ धरा. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू? एक शब्द नाही?" तुझी वहिनी म्हणाली.

"तोंड बांधून घेईन. काका 'दिसतंय' म्हणतील तेव्हा ते खरं असलं पाहिजे. मग नेईन कप." दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "टाळू नका हं काका. मला तुमच्याच घड्याळाने जिंकायचंय. दुसऱ्या कोणाच्या नको."

ती गेल्यावर मी बराच वेळ कप हातात घेऊन बसलो. तो मला बोटांनी कळतो, कुठे पोचा आहे, कुठे बाबांचं नाव कोरलंय. पण ते नाव मी वाचून किती दिवस झाले, हे आठवेना. तेव्हा मला भीती वाटली, धाकट्या. हरण्याची कधी वाटली नव्हती. विमान नजरेआड झालं तर झालं, दुसरं बांधता येतं. हे दुसरं बांधता येत नाही. ऑपरेशनला मी घाबरतो. मित्र-बित्र कोणी नाही. मला ऐकून सहन होत नाही की माणूस जागा असतो आणि डोळ्यात सुरी येते. आणि उशीर झाला असला तर? दोन वर्षं मी तुझ्यावर रुसून बसलो, त्यात ते हाताबाहेर गेलं असलं तर? असेल तर तसं सांग. लपवू नकोस. पण या वेळी दार लावून सांग, फक्त मला आणि तुझ्या वहिनीला.

ती बरोबर येणार आहे. टिटवीही येते म्हणाली, गाडी तीच चालवेल. वाटभर बोलेल, त्याला इलाज नाही.

अध्यक्षाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. डोळ्यांचं होईपर्यंत थांबावं असं वाटतं, मग कप माझ्याकडे असण्याचं कारणही सांगता येईल. का ही पुन्हा एक पळवाट आहे? मला कळत नाही. हे पत्रही मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिलंय. टेबल डुगडुगत नाही, पेनही जुनंच आहे.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. व्याह्यांना सांग, बाहीची माफी मागतो.

कधी येऊ ते कळव. या वेळी मोठ्या अक्षरांत लिही. मला स्वतःला वाचायचंय.

तुझा
दादा